चुकलो तर आमच्याच हातून चुकू द्या : गेम बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
व्हिडिओ गेम बनवणारे आणि विकणारे सर्व स्टुडिओ यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र ग्राफिक्सबद्दल नाही. ओल्या दगडावरची चमक आणि कपाळावरचा घामाचा थेंब यांत तुम्ही कुठवर पोहोचलात ते आम्हाला दिसतं आणि त्याचं कौतुकही आहे. आमची तक्रार हिशेबाची आहे. कुठलाही गेम आतून हिशेबच करत असतो. बटण कधी दाबलं, उडी कुठून निघाली, नेम लागायची शक्यता किती, तलवार किती झिजली, मेल्यावर किती मागे जायचं आणि सरतेशेवटी पैसे किती. हा हिशेब चोख असेल तर माणूस पन्नास वेळा हरूनही एक्कावन्नाव्या वेळी कंट्रोलर उचलतो. त्यात घोळ असेल तर जिंकल्यावरही तोंड कडूच राहतं.

आधी हाताचा हिशेब. उड्या मारत डोंगर चढायचा २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा गेम अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, पण खेळाडूच्या बाजूने तो आतून बऱ्याच लबाड्या करतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सुमारे ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या (पडद्यावर बदलत्या चित्रांच्या) हिशेबाने सहा फ्रेम, उडीचं बटण चालतं. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं गेलं तर ते लक्षात ठेवलं जातं आणि पाय टेकताक्षणी उडी निघते. वर जाताना डोकं एखाद्या कोपऱ्याला अडलं तर पात्राला चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वाट करून दिली जाते. मूळ चित्र ३२० बाय १८० पिक्सेलचं आणि पात्राची धडक मोजायची चौकट ८ पिक्सेल रुंद, म्हणजे ही सूट अर्ध्या अंगाची झाली. खेळताना यातलं काहीही दिसत नाही. हाताने जे म्हटलं ते पात्राने केलं, एवढंच जाणवतं.

ही सूट काढून टाकली तर काय होतं ते लहान स्टुडिओंच्या कितीतरी प्लॅटफॉर्मरमध्ये, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये, दिसतं. खेळाडू कड्याच्या अगदी टोकाला उडी मारायला जातो, कारण लांब उडीला तेच टोक लागतं. पण त्याला दिसणारं चित्र टीव्हीमुळे दोन-तीन फ्रेम जुनं असतं आणि बोट खाली जायला आणखी वेळ लागतो. त्याच्या डोळ्यांनी तो वेळेवर असतो, तुमच्या कोडच्या लेखी तो हवेत असतो. तो दरीत पडतो आणि ओरडतो, “दाबलं होतं मी!” त्याचं खरं असतं.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) उलट्या टोकाला उभा आहे. घोडा, चिखल, बर्फ, छावणीतल्या माणसांच्या गप्पा, यांत त्याला तोड नाही. पण त्यात हालचाल आधी देखणी व्हायची असते आणि हुकूम नंतर पाळायचा असतो. वळायला सांगितलं की पात्र पाऊल टाकून, खांदा वळवून, मग वळतं. कपाटातली प्रत्येक वस्तू एकेक करून, हात पुढे नेऊन, उचलावी लागते. पहिल्या दहा कपाटांना ते भारी वाटतं, शंभराव्याला नाही. आणि इतकं मोकळं रान दिल्यावर मिशनमध्ये ठरवलेल्या वाटेवरून जरा बाजूला सरकलं की मिशन फेल. रान आमचं, पायवाट मात्र तुमचीच.

बटण ते पडदा हा उशीर मोजणं अवघड नाही, तरी तो मोजलाच नसावा असे गेम येत राहतात. मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन लावा. बोट आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्या. एकच बटण वीस वेळा दाबा. बटण तळाला टेकलेली फ्रेम आणि पात्र पहिल्यांदा हललेली फ्रेम यांच्यामधल्या फ्रेम मोजा. इथे एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद, २४ फ्रेम म्हणजे १००. टीव्हीचा गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सोय) चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा, असं दोनदा मोजा. सरासरीबरोबर सगळ्यांत वाईट आकडाही लिहून ठेवा, कारण हात सरासरीला सरावतो आणि नेमका त्या वाईट आकड्याला फसतो. ‘स्ट्रीट फायटर ५’ २०१६ ला आला तेव्हा हा उशीर साधारण आठ फ्रेमचा होता, म्हणजे १३३ मिलिसेकंद. ज्या खेळात समोरच्याची लाथ निघालेली बघून अडवायची असते, त्यात हा उशीर म्हणजे अर्धा डाव आधीच गेला. वर आर्केड मोडही, म्हणजे एकट्याने मशीनविरुद्ध लागोपाठ लढायची सोयही, नव्हती. ती पूर्णपणे मिळाली २०१८ च्या आवृत्तीत. याच मालिकेतला ‘६’ (२०२३) मात्र शहाणा निघाला. ज्याला अवघड बटणांची माळ जमत नाही त्याला एका बटणावर खास डाव दिला आणि त्याची किंमत उघड सांगितली : त्या डावाचा मार २० टक्के कमी. सूट आणि तिची किंमत शेजारी-शेजारी दिसली की नवखा आणि मुरलेला, दोघांचीही कुरकुर थांबते.

आता आकड्यांचा हिशेब. इथे आमचं म्हणणं जरा वेगळं आहे, म्हणून सावकाश सांगतो.

‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत २००२ च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून बऱ्याच भागांत नेम लागण्याची शक्यता पडद्यावर एक दिसते आणि आत वेगळी असते. ० ते ९९ मधले दोन आकडे काढायचे, त्यांची सरासरी घ्यायची, ती दाखवलेल्या टक्क्यांपेक्षा कमी आली तर वार लागला. दोन आकड्यांची सरासरी मधल्या भागात जास्त येते, टोकांना कमी. त्यामुळे ९० टक्के दिसतात तेव्हा खरी शक्यता सुमारे ९८ असते. ७५ दिसतात तेव्हा ८७-८८. उलट शत्रूचे १० टक्के म्हणजे जेमतेम २. बहुतेकांना हे कळतही नाही आणि गेम ‘न्याय्य’ वाटतो.

‘एक्सकॉम २’ (२०१६) सोप्या पातळ्यांवर असंच काहीतरी करतो. नेम चुकत गेले की पुढच्या नेमाला गुपचूप टेकू देतो. सर्वांत वरच्या पातळीवर तो टेकू निघून जातो. मग होतं असं की, तीस तास खेळून ८५ टक्के म्हणजे किती याचा जो अंदाज मनात तयार झाला, तो अवघड पातळीवर पोहोचताच खोटा ठरतो. शुद्ध गणित पाहा : ८५ टक्क्यांचे चार नेम, चारही लागण्याची शक्यता फक्त ५२ टक्के. म्हणजे चार सैनिकांवर बेतलेली योजना जवळजवळ दर दोन वेळांत एकदा फसणार. हे खेळाडूला शिकवायचं सोडून तुम्ही त्याला लाडावता आणि नंतर वाऱ्यावर सोडता. त्यात कॅमेरा असा, की बंदुकीची नळी शत्रूच्या छातीला टेकलेली दिसते आणि गोळी बाजूच्या भिंतीत जाते.

कुणी म्हणेल, ‘सेलेस्ट’ची लबाडी चालते आणि ही का नाही? फरक मोठा आहे. उडीच्या बाबतीत गेम खेळाडूचा इरादा ओळखून तो पुरा करतो. तिथे काही ठरवायचं उरलेलं नसतं, फक्त करायचं असतं. टक्केवारी मात्र ठरवण्यासाठीच दाखवलेली असते. पुढे जायचं की मागे हटायचं, ग्रेनेड आत्ता वापरायचा की राखायचा, हे सगळं त्या एका आकड्यावर बेतलेलं असतं. वजनकाटाच हलका-जड केला तर गिऱ्हाईकाच्या फायद्याचा असला तरी तो काटा बिघडलेलाच.

त्यावर दोन सरळ उपाय आहेत. एक, लबाडी करायची तर सांगून करा. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये फाशांची लागोपाठची दुर्दैवी माळ तोडणारी सोय सेटिंगमध्ये नावानिशी आहे. ती आधीपासून चालू असते, नको तर बंद करता येते. दुसरा, शक्यताच काढून टाका. ‘इनटू द ब्रीच’ (२०१८) मध्ये आठ बाय आठ घरांचा पट, तुमचे तीन यंत्रमानव, आणि प्रत्येक शत्रू पुढच्या खेपेला कोणत्या घरावर मारणार ते आधीच दाखवलेलं. नेम चुकणं हा प्रकारच नाही. शत्रूला एक घर ढकललं की त्याचा वार त्याच्याच सोबत्यावर पडतो. दर लढाईत एकदा पूर्ण खेप मागे घेता येते. नशिबाला एकच कोपरा ठेवलाय, इमारतीने मार सोसण्याची शक्यता, आणि ती खेळाडूच्या बाजूची आहे. हरलात तर पटावर बोट ठेवून सांगता येतं : इथे चुकलो. याचा तोटाही आहे. सगळंच दिसत असल्यामुळे विचार संपत नाही, चार-पाच खेपांची लढाई लांबत जाते आणि डोकं शिणतं. आम्हाला तो तोटा चालतो.

‘डिस्को एलिसियम’ (२०१९) तिसरी वाट दाखवतो. दोन फासे, आणि शक्यता का वाढली वा घटली याची सगळी कारणं शेजारी मांडलेली. दोन्ही सहा आले तर यश पक्कं, दोन्ही एक आले तर अपयश पक्कं. त्यातलं अपयश कित्येकदा यशापेक्षा मजेदार प्रसंग देतं, त्यामुळे आधी साठवलेला खेळ (सेव्ह) पुन्हा उघडायला हात वळत नाही. हे मात्र फक्त उत्तम लिहिणाऱ्यांनाच परवडतं.

फ्रेमवर टांगलेले हिशेब हे निव्वळ आळसाचं लक्षण. ‘डार्क सोल्स २’ पीसीवर २०१४ ला आला, ६० फ्रेमने चालायला लागला आणि शस्त्रं ३० फ्रेमच्या कन्सोलपेक्षा दुप्पट वेगाने झिजायला लागली. झीज वेळेवर न मोजता फ्रेमवर मोजली होती. दुरुस्ती आली २०१५ मध्ये. ज्यांनी चांगला संगणक लावला त्यांचीच तलवार आधी मोडली! ‘स्कायरिम’मध्ये ६० फ्रेमच्या वर गेलं की टेबलावरच्या वाट्या-ताटल्या उडायला लागतात, तेही याच जातीचं दुखणं. उपाय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो : भौतिकीची, म्हणजे वस्तूंच्या हालचाली मोजायची, पावलं ठरावीक वेळेची ठेवा, चित्र हवं तितक्या वेगाने काढा, आणि जे काही दर फ्रेमला बदलतं त्याला दोन फ्रेममधल्या वेळेने गुणा. तपासायला एक दिवस पुरे. तोच प्रसंग ३०, ६० आणि १४४ फ्रेमवर चालवा आणि आकडे ताडून पाहा.

झिजेचा विषय निघालाच आहे तर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७). खुल्या जगाचा याहून चांगला गेम क्वचितच झाला असेल. वाळक्या गवताला आग लावली की गरम हवेचा झोत वर उठतो आणि त्यावर तरंगता येतं. वादळात अंगावर धातू असेल तर वीज पडते. हे नियम कुणी समजावून सांगत नाही, ते एकमेकांशी जुळतात म्हणून आपोआप कळतात. पण शस्त्र किती उरलंय ते दिसत नाही. मोडायच्या बेताला आलं की तेवढी एक सूचना. मोडण्यामागचा हेतू चांगला होता, की खेळाडूने एकाच तलवारीला चिकटून राहू नये. घडतं उलटं : चांगली शस्त्रं ‘पुढे लागतील’ म्हणून पिशवीत पडून राहतात आणि हाणामारी काठ्यांनी होते. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ने शस्त्राला काहीही जोडायची सोय देऊन हे बरंच सोडवलं, आणि एक नवी कटकट आणली. प्रत्येक बाणाला वस्तू जोडायची तर दर बाणाला ती लांबलचक आडवी यादी उघडायची, सरकवायची, निवडायची. दहा बाण, दहा वेळा. ‘मागचंच पुन्हा’ असं एक बटण दिलं असतं तर भागलं असतं.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जगभर लपवलेल्या ९०० कोरोक बियांवर लोक हसतात, आम्ही हसत नाही. पिशवीच्या सगळ्या जागा वाढवायला ४४१ पुरतात, उरलेल्या दाट पेरल्यात त्या कुठेही गेलं तरी वाटेत काहीतरी सापडावं म्हणून. हे चांगलं डिझाइन आहे. बिघडलं ते नंतर, नकाशावर टक्केवारी दाखवून. टक्का दिसला की माणसाला १०० करायची खाज सुटते. ‘द विचर ३’ (२०१५) च्या नकाशावर समुद्रात दिसणारी प्रश्नचिन्हंही तीच खाज लावायची. त्याच गेममधली ब्लडी बॅरनसारखी गोष्ट लिहिणाऱ्यांनी स्केलिगे बेटांच्या पाण्यात डझनावारी पेट्या बुडवून ठेवल्यात. होडी थांबवा, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्यांना मारा, बुडी मारा, पेटी उघडा, वर या, पुन्हा होडी. आत विकायच्या लायकीचं सामान. ती चिन्हं आधीपासून न दाखवता जवळून जाताना दाखवली असती तर कुणाची तक्रार नव्हती.

मेल्यावर किती मागे, हा वेळेचा हिशेब. पहिल्या ‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) तासाभराच्या भटकंतीनंतर एक लिफ्ट लागते आणि ती खाली थेट सुरुवातीच्या ओळखीच्या तळावर, फायरलिंकला, उतरते. जग कसं जोडलंय ते तेव्हा उमगतं. असं अंतर सोन्याचं. पण तेच अंतर बॉसच्या, म्हणजे त्या भागातल्या मोठ्या शत्रूच्या, दारापर्यंत विसाव्यांदा कापायचं असेल तर ती माती. दीड मिनिटाची धाव, वीस वेळा, म्हणजे अर्धा तास निव्वळ पळण्यात. ‘हॉलो नाइट’मध्येही (२०१७) मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या काही बाकांपासून बॉसपर्यंतची वाट अशीच आहे. चित्र, संगीत, नकाशा विकत घेण्याची कल्पना, सगळं अप्रतिम, आणि मध्ये ही पायपीट. शिकण्यासाठी चूक आणि पुढचा प्रयत्न यांच्यामधलं अंतर कमी लागतं. बॉसच्या हाताची हालचाल डोळ्यांपुढे ताजी असतानाच पुन्हा उभं राहता आलं पाहिजे. ‘एल्डन रिंग’ने (२०२२) बऱ्याच बॉसच्या दाराशी मारिकाचे खुंट (मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरू करायच्या जागा) रोवून हे मान्य केलं. अवघडपणा रतीभर कमी झाला नाही.

सोपं करून देण्याबद्दलही तुमच्यातल्या काहींना उगाच संकोच आहे. ‘हेडीस’चा (२०२०) गॉड मोड हा मदतीचा पर्याय सुरुवातीला खेळाडूला बसणारा मार २० टक्के कमी करतो, आणि दर मरणामागे आणखी २ टक्के, ८० पर्यंत. म्हणजे तीस वेळा मेल्यावर कमाल मदत. हळूहळू वाढत असल्यामुळे खेळाडूचा हात सुधारायला जागा राहते. ज्याला नको त्याने चालू करू नये, इतकं सोपं.

एक उदाहरण कोड लिहिणाऱ्यांसाठी. ‘जीटीए ऑनलाइन’ पीसीवर उघडायला कित्येक मिनिटं लागायची, आणि लोक वर्षानुवर्षं आपल्या संगणकाला दोष देत राहिले. २०२१ च्या सुरुवातीला एका बाहेरच्या माणसाने कारण शोधलं. विकायच्या वस्तूंची सुमारे १० एमबीची यादी, त्यात ६३ हजारांच्या आसपास नोंदी. यादीतला प्रत्येक शब्द वाचण्याआधी उरलेल्या अख्ख्या यादीची लांबी नव्याने मोजली जात होती. म्हणजे पुस्तकाचा प्रत्येक शब्द वाचताना शेवटच्या पानापर्यंतची अक्षरं मोजून यायची. वर, प्रत्येक नोंद आधी येऊन गेली आहे का हे पाहायला आधीच्या सगळ्या नोंदी एकेक करून तपासायच्या. तो गुणाकार जातो १९८ कोटींच्या घरात. दोन्ही गोष्टी सुधारल्यावर वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती आणली, त्या माणसाला १०,००० डॉलर बक्षीसही दिलं, हे चांगलंच केलं. पण २०१३ च्या गेममध्ये हे घरातल्या कुणाला दिसू नये? आणि ती यादी दुकानाची होती, हे विशेष.

दुकानाचं नाव निघालं, तर पैशांचा हिशेब. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ (२०१७) मध्ये डार्थ वेडर हे पात्र हवं तर ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन. लोक भडकल्यावर ते १५,००० केले, आणि त्याच दमात कथा पूर्ण करण्याचं बक्षीस २०,००० वरून ५,००० वर आणलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. लढाया देखण्या होत्या, आवाज अस्सल होता, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती पैसे टाकून नशीब आजमावायची पेटी (लूट बॉक्स). ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये (२०१८) एकट्याने खेळायच्या गेमला अनुभवगुण वाढवणारा बूस्टर पैसे घेऊन विकला. बूस्टर विकत घ्यावासा वाटतो याचा अर्थ आधीची चढण कंटाळवाणी आहे, आणि ती चढण बांधणारेही तुम्हीच.

‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (२०२०) फुकट आहे, आणि त्यातला पाणी-वीज-आगीचा खेळ पैसे घेणाऱ्या कित्येक गेमना लाजवेल. पात्रं सोडतीच्या खेपांतून मिळतात आणि तिचे दरही त्यांनी छापलेत : पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, ९० व्या खेपेला हमखास. छापलंय म्हणून प्रामाणिक म्हणावं, तर हमखास मिळणारं पात्र जाहिरातीतलंच असेल असं नाही. नशीब फिरलं तर हवं ते पात्र यायला १८० खेपा. एका खेपेला १६० प्रिमोजेम, म्हणजे २८,८००. आणि खऱ्या पैशांतून आधी क्रिस्टल घ्यायचे, त्यांचे प्रिमोजेम करायचे, त्यांचे फेट, म्हणजे खेपेची तिकिटं. तीन वेळा चलन बदलल्यावर आपण किती खर्च केला हे डोक्यात राहू नये, अशीच ही मांडणी आहे. खेपेच्या बटणावर खऱ्या पैशांतली किंमत लिहा. एक ओळ पुरे.

शेवटचा मुद्दा बंद पडणाऱ्या गेमचा. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ चा, आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. त्यात एकट्याने खेळायची पूर्ण कथा होती, तरी सर्व्हरशिवाय गाडी जागची हलत नव्हती. ज्यांनी डबा विकत घेऊन कपाटात ठेवला होता त्यांच्याकडे आता फक्त डबा उरला. लोकांनी आवाज उठवल्यावर ‘द क्रू २’ला ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर झालं, म्हणजे ते अशक्य नव्हतं. सेव्ह फाइल खेळाडूच्या मशीनवर ठेवणं आणि सर्व्हर न सापडल्यास एकट्याचा खेळ चालू राहणं, हे पहिल्या दिवशी आखलं तर स्वस्त पडतं, दहा वर्षांनी आखायचं तर जुना कोड समजणारी माणसंच उरलेली नसतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
खेळणारे

ता. क. : कट-सीनमध्ये (खेळ थांबवून गोष्ट दाखवणाऱ्या प्रसंगात) पॉझ चालू द्या. आणि पॉझ व स्किप एकाच बटणावर ठेवू नका. दाराची बेल वाजली म्हणून बटण दाबावं तर अख्खा शेवट उडून जातो.